हवा बांधणाऱ्या रत्नाताई

मी लाइनमन माणूस. सारी नोकरी खांबावर चढण्या-उतरण्यात गेली, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता, आणि तो चारचौघांत ऐकवायला मी कधी कमी केलं नाही. धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या सबस्टेशनवर रत्ना इंगळे ऑपरेटर म्हणून बदलून आल्या आणि पंधरा दिवसांत त्यांनी माझा तो समज उतरवून ठेवला. तेही न भांडता. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणात मी सहसा हरत नाही.

आल्या दिवसापासून त्यांची एक रीत. सकाळी चार्ज घेतला, पॅनलवरचे आकडे लॉगशीटवर उतरवले, की यार्डाच्या जाळीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून ट्रान्सफॉर्मर ऐकायच्या. ट्रान्सफॉर्मर घुमतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण तो ऐकायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला चहाचा कप हातात घेऊन टोमणे मारायचो. ताई, तो काय म्हणते, त्याले बदली पायजे काय, असलं काहीतरी. त्या हसून सोडून द्यायच्या.

एक दिवस मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कालपर्यंत हा नुसता घुमत होता, आज आतून झिरझिर येऊन राह्यली. मी म्हटलं, तुमच्या कानात मळ असेल. त्यांनी ती झिरझिर तारीख-वेळेसकट रजिस्टरात लिहिली आणि साहेबांना फोन केला. पुढच्या शटडाऊनला पाहिलं तर रेडिएटरच्या क्लॅम्पचा एक बोल्ट निम्म्याच्या वर सुटलेला. साहेबांनी विचारलं, हे कोणी पकडलं? मी म्हणालो, "आम्ही." माझा स्वभाव आहे तो, काय करता. रत्नाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांना टोमणे मारणं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

त्या मूळच्या वरवट बकालच्या. वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, तेव्हा सुराची ओळख घरातच झालेली. आयटीआय करून नोकरीला लागल्या, आणि खामगावच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा बंद करताना त्याचा जुना सिंथेसायझर विकायला काढला तो त्यांनी घेतला. आता आमच्या भागात सिंथेसायझर म्हटला की लोकांना वरात दिसते. गल्लीतल्या बायांनी हळदीला वाजवायला बोलावलं. ताईंनी हात जोडले. गाणं वाजवणं हे त्यांचं काम नव्हतंच. त्या एक पट्टी दाबायच्या आणि दहा-दहा मिनिटं सोडायच्या नाहीत. शेजाऱ्यांना वाटलं, बाई शिकून राह्यली, येईल हळूहळू.

त्यांचं काम काय, हे मला कळायला दोन उन्हाळे गेले. सिनेमात एखादी बाई रिकाम्या रस्त्यानं चालत जाते. कोणी बोलत नाही, गाणं नाही, ढोल नाही, तरी आपण खुर्चीत पुढं सरकून बसतो. कशानं? तर मागं काहीतरी चालू असतं. ते काहीतरी आपोआप येत नाही, कोणीतरी बसून बनवतं. ताई त्याला हवा बांधणं म्हणायच्या. "आज तिसऱ्या प्रहराची हवा बांधली," असं सहज सांगायच्या, जसं दुसरी बाई सांगेल की आज शेवया केल्या.

यंत्रातून निघणारा आवाज मुळात कोरा आणि टोचरा असतो. ताई त्याच्यावरची धार फिल्टरच्या बटणानं झाकत आणायच्या, आणि तो चढायला इतका वेळ घेईल असा बसवायच्या की कधी सुरू झाला ते समजूच नये. त्याच्या पोटात मग खरा एखादा आवाज घालायच्या. सुपातली तूर पाखडल्याचा, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या एकमेकींना घासल्याचा, खामगावच्या जिनिंगमधला लांबून आलेला. तो ताणून ताणून असा करायच्या की त्याच्या जन्मदात्यालाही ओळखू येऊ नये. एकदा मला एक ऐकवला. लांबच लांब, कण्हल्यासारखा, जीव हळवा व्हावा असा. मी गंभीर होऊन विचारलं, हे काय हो ताई? म्हणाल्या, "तुमच्या गाडीचं स्टँड." मी खजील झालो, आणि खरं सांगतो, आतून थोडा फुगलोही.

बोलणं सारं सबस्टेशनचं. एखादा आवाज फार भरला की म्हणायच्या, यात लोड लय झाला, हा ट्रिप होईन. प्रत्येक आवाजाची रजिस्टरात नोंद. कोणत्या दिवशी बांधला, ऊन किती होतं, वारा कुठून, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पण ड्यूटीवर हे सगळं बंद. मोबाइल ड्रॉवरमध्ये. कानात काही घालून ऑपरेटरनं पॅनलसमोर बसायचं नाही, हा त्यांचा कायदा, आणि तो त्या स्वतःलाच लावायच्या, आम्हाला नाही. त्यामुळे आम्हीही निमूट पाळायचो.

आवाज झाला की त्याची परीक्षा घरी व्हायची, आणि परीक्षक त्यांच्या सासूबाई, कौसामावशी. ताईंचे मालक शाळेत मास्तर, दिवसभर बाहेर. घरात या दोघीच. मावशी अंगणालगतच्या खोलीत डाळ निवडत बसल्या की ताई आतल्या खोलीतून आवाज सोडायच्या. नियम असा की तो सुरू झालेला मावशींना कळता कामा नये. कळला तर नापास. पंधरा मिनिटांनी ताई तो एकदम बंद करायच्या. बंद झाल्यावर मावशींनी हात थांबवून मान वर केली तर पास. नाही केली तरीही नापास, कारण मग तो आवाज असून नसल्यासारखाच. मी एकदा लाइटबिलाच्या तक्रारीचा कागद द्यायला गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. मावशी माझ्याशी गहू, नातेवाईक, गुडघे असं सगळं बोलत होत्या. मधेच थबकल्या, चाळणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काय वो रत्ना, काय गेलं इथून?" आतून ताई पदर खोचत बाहेर आल्या, तोंडावर अशी खुशी की पोरगं बोर्डात आलं असावं. मलाही काहीतरी गेल्यासारखं वाटलं होतं, पण मी ते बोललो नाही.

हे आवाज त्यांनी इंटरनेटवर टाकून ठेवले होते. तिथून मुंबईच्या एका संगीतकाराच्या कानावर ते पडले. सिनेमाचं पार्श्वसंगीत करणारा माणूस. त्याचा फोन आला की कोरडवाहू गावावरचा सिनेमा आहे, मला आठ आवाज हवेत, अगदी अशीच हवा हवी. ताईंनी दीड महिना लावून आठ आवाज केले. आठही मावशींकडून पास करून पाठवले. आम्ही सबस्टेशनवर पेढे वाटले. पेढे मी आणले, हे सांगायला हवं.

सोमवारी दुपारी त्याचा परत फोन आला. ताईंची ड्यूटी संपली होती, गेटपाशी उभं राहून त्यांनी घेतला, आणि पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही सगळं ऐकू आलं. स्टुडिओत व्हायोलिनवाले बोलावून बसवलेत, आणि तुमचे आठही आवाज बेसूर आहेत. सगळे एकाच मापानं चढे. बाई, तुमचा सा आहे तरी कुठला?

ताईंनी फोन कानापासून जरा दूर धरला. त्यांची नजर हळूहळू यार्डाकडे वळली, आणि त्या नजरेमागं माझीही. सा तिथं उभा होता. राखाडी रंगाचा, तेलानं भरलेला, घुमत. दिवसाचे आठ तास तोच सूर कानात घेऊन ही बाई घरी जायची आणि सगळं काही त्याच्याशी जुळवायची. मला नंतर त्यांनी समजावून सांगितलं. आपला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला शंभर थरथरींवर घुमतो. व्हायोलिनवाल्यांच्या मापात त्याच्या जवळचा सूर अठ्ठ्याण्णववर बसतो. फरक दोनाचा. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या कानाला तो खड्यासारखा लागतो.

मी म्हटलं, दोनाचाच आहे ना, उतरवून टाका. त्या म्हणाल्या, उतरवणं एका बटणाचं काम आहे. त्यांनी त्याच संध्याकाळी उतरवलंही. आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून परीक्षा घेतली, तर आठही आवाज सपशेल नापास. सुरू होताच मावशी म्हणायच्या, हे धकधक काय होऊन राह्यलं. होणारच. ताईंच्या घरामागं डीपी, म्हणजे गल्लीचा छोटा ट्रान्सफॉर्मर. तो शंभरावर, पंखा-फ्रिजची घूं शंभरावर, आणि हा नवा अठ्ठ्याण्णववर, दोघं एकमेकांना धक्के मारत बसले. आणि तेव्हा ताईंना खरं ते लख्ख दिसलं. आजवर त्यांचे आवाज पास होत होते ते डीपीच्या आडोशानं. घरात ती घूं आधीच होती, त्यांचा आवाज तिच्यात लपायचा. उघड्यावर तो कसा आहे हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

ही चूक मुंबईच्या माणसाच्या हातून होणार नाही. त्याची खोली गाद्या लावून बंद केलेली असते. ही चूक फक्त आमच्या सबस्टेशनची बाई करू शकते, आणि मला त्या चुकीचा तेव्हाही राग आला नाही.

संगीतकारानं गुरुवारी दुपारी बारापर्यंतची मुदत दिली होती. नाही आले तर दुसऱ्याकडून करून घेतो म्हणाला. ताईंना न तपासता पाठवायचं नव्हतं, आणि तपासायला वीज नसलेलं घर हवं होतं. घरातला मेन स्विच बंद केला तर मागचा डीपी घुमतोच. मावशींना घेऊन मोताळ्याच्या बाजूला शेतात गेल्या, तर वाऱ्यानं आवाज नेला. गावाचा शटडाऊन ठरला होता शुक्रवारी, देखभालीसाठी, सकाळी नऊ ते एक. म्हणजे मुदतीनंतर.

बुधवारी सकाळी त्या कामावर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. इतकी वर्षं करून आलेली पहिली संधी, आणि ती एका दिवसानं हुकणार. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, तुम्ही रजा टाकून घरी जा. मी गावचं फीडर, म्हणजे गावाला जाणारी लाइनच, अर्धा-पाऊण तास पाडतो. फॉल्ट म्हणून लिहून टाकू. तारेवर झाड पडलं, माकड बसलं, काय वाट्टेल ते. कोण विचारते बे? म्हणजे शेवटचा शब्द तोंडातून निसटला, तो त्यांना उद्देशून नव्हता.

त्यांनी हातातलं पेन लॉगशीटवर ठेवलं. मला वाटलं, विचार करतायत.

"दिगूभाऊ," त्या म्हणाल्या, "दवाखान्यात कोनाले वाफ देऊन राह्यले असतीन. गिरनीत कोनाचा हात पट्ट्यापाशी असंन. मी इथं बसते तर लोक समजतात, लाइट गेली म्हंजे खरंच काई झालं असंन. माह्या आवाजासाठी त्याईले खोटं सांगू?"

मी म्हटलं, अर्धा तासच तर आहे.

"अर्धा मिनिट बी नाई. आन पुन्हा हे बोलान, तर मी साह्यबाले सांगीन."

आणि सांगितलं असतं, हो. त्यांनी मग एवढ्यापुरता मोबाइल ड्रॉवरमधून काढून माझ्यासमोरच संगीतकाराला फोन लावला. शुक्रवारी संध्याकाळी पाठवते, एक दिवस द्या. तो म्हणाला, का? यांनी सांगितलं, शुक्रवारी गावची लाइट बंद असते. पलीकडं त्याला काय कळलं असेल कोण जाणे. तो म्हणाला, गुरुवार म्हणजे गुरुवार. ताई बरं म्हणाल्या, फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दहाचं रीडिंग घ्यायला उठल्या. मी बाहेर येऊन लोखंडी खांबाला लाथ मारली. त्यानं माझाच अंगठा सुजला.

गुरुवारचे बारा वाजले आणि गेले.

शुक्रवारी शटडाऊन घेतला. त्या दिवशी ऑपरेटरला जागेवरून हलता येत नाही, कारण माणसं लाइनवर चढलेली असतात. मी स्वतः खांबावर होतो, माझा जीव ताईंच्या हातात. म्हणजे परीक्षा मावशींनी एकटीनंच घ्यायची होती. ताईंनी चार्ज केलेल्या स्पीकरमध्ये आठही आवाज लावून दिले. एक दहा मिनिटं चालेल, मग थोडी शांतता, मग दुसरा. मावशींना सांगितलं, आत्याबाई, तुम्ही आपली तूर निवडा. काही थांबल्यासारखं वाटलं की एक दाणा वाटीत टाका. चालू असतानाच ऐकू आलं तर टाकू नका, आणि तो कितवा ते ध्यानात ठेवा.

साडेअकराच्या सुमारास मी खांबावरून पाहतो, तर सबस्टेशनच्या रस्त्यानं कौसामावशी भर उन्हात चालत येतायत. डोक्यावर पदर, हातात झाकलेली वाटी. लाइट नाही म्हणून टॉवर बंद, टॉवर बंद म्हणून फोन लागेना, म्हणून त्या निकाल घेऊन स्वतःच निघाल्या होत्या. मी वरून ओरडून विचारलं, मावशी, काय झालं? त्यांनी वरही पाहिलं नाही. माझ्यासारख्याला निकाल सांगायचा नव्हता.

वाटीत सात दाणे होते. तिसरा आवाज कानाशी भुंग्यासारखा आला, बाकी सारे थांबल्यावरच समजले, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी वाटी टेबलावर ठेवली, मावशींना पाणी दिलं, पंखा तर बंदच होता म्हणून वहीनं वारा घातला. मुदत गेली होती, तरी संध्याकाळी ते सातही आवाज त्याला पाठवले. खाली लिहिलं, तिसरा चांगला झाला नाही, म्हणून पाठवला नाही.

नऊ दिवस काही नाही. मी मुंबईच्या समस्त संगीतकारांना शिव्या घालत होतो. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. गुरुवारी त्यानं ठरल्याप्रमाणे दुसऱ्याकडून आवाज घेतले होते. ते लावून दिग्दर्शकाला सिनेमा दाखवला होता. मग एका दुपारी सहज म्हणून यांचे लावून पाहिले, आणि दिग्दर्शक म्हणाला, हे कुठून आणलं, हेच ठेवा. सातातले पाच घेतले. शेवटी विचारलं, नावाच्या पाटीवर काय लिहू? ताई म्हणाल्या, रत्ना इंगळे, धामणगाव बढे. तो म्हणाला, गावाचं नाव लिहायची पद्धत नाही. ताई म्हणाल्या, मग माझंही नका लिहू. त्यानं दोन्ही लिहिलं.

आता ताईंची बदली होऊन बरीच वर्षं झाली. नवीन ऑपरेटर पोरगा चांगला आहे, हुशार आहे, पण जाळीपाशी कोणी उभं राहत नाही. मी एकदा राहून पाहिलं. मला घूं शिवाय काही ऐकू आलं नाही.

त्यांची आठवण निघाली की मला खामगावचं थेटर दिसतं. सिनेमा लागला तेव्हा आम्ही जीप करून गेलो. ताई, त्यांचे मास्तर, कौसामावशी, मी आणि माझी बायको. सिनेमा कसा होता हे मला विचारू नका, मी सारा वेळ आवाज शोधत होतो आणि एकही सापडला नाही. संपला. पडद्यावर नावं चढू लागली आणि लोक उठले, जसे नेहमी उठतात. कौसामावशी म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. अक्षराला अक्षर जोडून वाचायच्या, घाई चालायची नाही. त्या पुटपुटू लागल्या, र, त्ना, इंग... तेवढ्यात पुढचा माणूस उभा राहिला, आणि तो बाजूला होईस्तोवर नाव वर निघून गेलं.

ताई म्हणाल्या, आत्याबाई, मी वाचून दाखवते, काय लिहिलं होतं ते.

"तू कायले वाचून दाखवतं? मले वाचायचं हाय."

मावशी खुर्चीवरून हलेनात. मास्तर जाऊन पुढच्या खेळाची पाच तिकिटं घेऊन आले. आम्ही तोच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. माझी बायको झोपली. मावशी मात्र ताठ बसल्या होत्या, चष्मा पदरानं पुसून तयार. सिनेमा संपला, दिवे लागले, नावं सुरू झाली, आणि पुन्हा सगळं थेटर उठलं. खुर्च्या खाडखाड वाजल्या. पडद्याच्या जागी नुसत्या पाठी.

मी ओरडणार होतो, ते माझंच काम. पण माझ्या आधी रत्नाताई उभ्या राहिल्या. खामगावच्या त्या भरल्या थेटरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं खाली बसा हो भाऊ. माह्या सासूले नाव वाचायचं हाय."

आणि लोक बसले. दारापर्यंत गेलेले होते ते जागेवर थांबले. कोणाचं नाव, कोणती सासू, कोणी विचारलं नाही. कौसामावशींनी बोट उचललं आणि एकेक अक्षर धरत, आमच्या गावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, सगळं वाचलं.